ग्राउंड जोडलंय का?

मायक्रोकंट्रोलरच्या लॅबमध्ये शिकवणारे सर बदलतात, काका बदलत नाहीत. इंटेलनं 8051 ही चिप 1980 साली काढली. ती अजून अभ्यासक्रमात आहे आणि काका लॅबमध्ये. पदानं ते लॅब असिस्टंट. खिशात टेस्टर, हातात मल्टिमीटर आणि तोंडात एकच प्रश्न, "ग्राउंड जोडलंय का?" किटमधून धूर निघो की पोरगं रडकुंडीला येवो, सुरुवात इथूनच. राग येतो. त्याहून जास्त राग याचा, की बहुतेक वेळा ते जोडलेलं नसतंच.

काकांचा प्रोग्रामवर विश्वास नाही. वायरवर आहे, तोही मल्टिमीटर 'पीं' म्हणाल्यावर. एलसीडी कोरा म्हणून आपण तासभर कोड चाळत बसतो. काका येतात, कॉन्ट्रास्टचा प्रीसेट जरासा पिळतात आणि निघून जातात. अक्षरं मघापासून तिथंच असतात.

कुणी हौसेनं लॅमिंग्टन रोडवरून 12 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आणतो आणि पीसीच्या पडद्यावर नुसता कचरा उमटतो. "11.0592 चा लाव," काका म्हणतात, स्वतःचा मोबाइल नंबर सांगावा तसं. त्याला आधी 12 नं भागायचं, मग 32 नं, येतात 28,800. त्याला 3 नं भागलं की नेमका 9,600 बॉड. 12 मेगाहर्ट्झचा भागाकार असा जुळत नाही. सरांनीही हे फळ्यावर लिहिलेलं असतं म्हणे.

मोटर थेट पिनला जोडलेली दिसली की काकांचा आवाज चढतो. "अरे, तो विचार करायला बसलाय, ओझी उचलायला नाही! मध्ये यूएलएन 2003 घाल." आयसी काढताना पाय वाकले तर, "चाळीस पाय दिलेत, चार तरी सरळ ठेव." पण बटण एकदा दाबून आकडा तीननं वाढला, की एकदम मायाळू. "आतला पत्रा नाचतो रे. वीस मिलिसेकंद थांब, मग परत विचार त्याला."

ओरलच्या दिवशी काका चहाचा ट्रे घेऊन एक्स्टर्नलच्या मागं उभे. "कोणत्या पोर्टला बाहेरून पुल-अप रेझिस्टर लागतात?" पोरगं गप्प. काकांनी मोकळ्या हाताची मूठ वळून दाखवली: शून्य. एक्स्टर्नल याच कॉलेजातून शिकून गेलेले. मागं न बघताच म्हणाले, "काका, मूठ खाली."

"घेतो, सर. तुमच्या वेळीही दाखवली होती. तुम्ही पोर्ट वन म्हणालात."