फोन पालथा कसा ठेवावा

महागडा फोन घेणारे होतकरू पहिली चूक दुकानातच करतात. ते पडदा बघतात. पडदा कसा आहे, बॅटरी किती टिकते, आवाज नीट येतो का, असले प्रश्न ज्याला फोन वापरायचा आहे त्याने विचारावेत. तुम्हाला तो दाखवायचा आहे. पडदा एकट्या मालकाला दिसतो; समाजाला दिसते ती पाठ. पैठणीचा पदर तरी नेसणारीला कुठे दिसतो? तो मागच्या रांगेतल्या बायकांसाठी असतो, आणि दुकानदार साडी दाखवताना आधी पदरच उलगडतो. तेव्हा फोन हातात येताच तो पालथा करून बघावा. पाठ पसंत पडली की पुढे फोन लागतो की नाही ते सावकाश पाहता येईल.

मुळात फोनच का, हेही समजून घेतलेले बरे. बंगला हळदीला नेता येत नाही. गाडी नेता येते, पण ती कार्यालयाबाहेर गल्लीत उभी राहते आणि तिचे तेज मांडवात पोचत नाही. शिवाय पुण्यात वन बीएचके घ्यायचा तर वीस वर्षे बँकेची गुलामी. फोनचे तसे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ प्रो मॅक्स १,४९,९०० रुपयांपासून विकायला आला, तेव्हा त्याहून वरचा आयफोन अब्जाधीशालाही मिळत नव्हता. शेअर रिक्षात चौथी सीट पकडून मलबार हिलची बरोबरी करायची सोय दुसऱ्या कुठल्या वस्तूत आहे?

ही बरोबरी मोडायचा प्रयत्न होऊन गेला आहे. नोकियाने १९९८ मध्ये व्हर्टू नावाचा श्रीमंती फोनांचा ब्रँड काढला. त्यात नीलमण्याची काच, बटणांखाली माणकाचे बेअरिंग, आणि दाबले की पलीकडे सेवेला माणूस हजर होईल असे एक बटण. २०१७ मध्ये त्याचा इंग्लंडमधला कारखाना बंद पडला. जाणकार त्याची कारणे अनेक सांगतील. आमच्या मते एक पुरते: सोसायटीच्या वॉचमनला तो फोन ओळखता येत नव्हता. ज्याची किंमत समजावून सांगावी लागते ती वस्तू घेऊ नये.

दुसरा धडा २००८ चा. ‘आय ॲम रिच’ नावाचे एक ॲप ९९९.९९ डॉलरना विकायला ठेवले होते. उघडले की लाल रत्न चमके. दुसरे काहीही होत नसे. आठ जणांनी ते घेतले आणि मग ॲपलने ते दुकानातून काढून टाकले. कल्पना शुद्ध होती. चूक एवढीच, की रत्न पडद्यावर होते.

अमेरिकेतल्या होतकरूंना आपल्याइतके कष्ट पडत नाहीत. तिथे आयफोनवरून आयफोनला गेलेला मेसेज निळ्या फुग्यात दिसतो आणि दुसऱ्या फोनला गेलेला हिरव्या, त्यामुळे घरबसल्या जात कळते. आपल्याकडे सगळे व्हॉट्सॲपवर. तिथे दीड लाखाच्या फोनवरचे ‘शुभ सकाळ’ आणि बारा हजारांच्या फोनवरचे ‘शुभ सकाळ’ सारखेच दिसते, ही मोठी गैरसोय आहे. म्हणून आपला सगळा भार पाठीवर.

रंग निवडताना तिथी बघावी. प्रो घेऊन गडद रंग घेणे म्हणजे पैसे पाण्यात. लांबून तो तीन वर्षांपूर्वीचाही वाटू शकतो. १७ प्रोचा नारिंगी रंग आला, कंपनीने त्याला ‘कॉस्मिक ऑरेंज’ म्हटले, आपल्या लोकांनी त्याला लगेच भगवा करून टाकला, आणि वरातीच्या गर्दीतही सालासकट फोन ओळखू येऊ लागला. कव्हर घालावे, पण पारदर्शक. ते काही महिन्यांत पिवळे पडते. पडू द्यावे, निदान आतला माल दिसतो.

आता पैसे. ‘नो कॉस्ट ईएमआय’ हे शब्द ऐकताच होतकरूंचे डोळे भरून येतात. शून्य टक्के व्याज असे काही नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना ठणकावले होते. व्याज असतेच, तेवढी सूट देऊन ते झाकतात, आणि कार्डावर त्या व्याजाचा १८ टक्के जीएसटी व प्रोसेसिंग फी मागाहून येते. पण हिशेब वापरणाऱ्याने करावा. चोवीस हप्ते केले तर महिन्याला सव्वासहा हजार. नवा आयफोन सप्टेंबरात येतो, म्हणजे बारा हप्ते फिटेपर्यंत तुमचा फोन जुना, आणि उरलेले बारा हप्ते जुन्या फोनचे. त्या वर्षात मान खाली घालून राहावे. हातात फोन असल्याने ती तशीही खालीच असते.

रोजच्या सरावाला अमृततुल्य उत्तम. दहा-पंधरा रुपयांच्या चहासाठी काउंटरवरचा क्यूआर स्कॅन करताना फोन छातीशी न धरता उंच धरावा, म्हणजे पाठ थेट गल्ल्यावर बसलेल्याकडे होते. पूर्वी पैसे गेल्याचे दाखवायला फोन वळवावा लागे आणि सगळी मेहनत वाया जाई. आता डबा बोलतो. टेबलावर बसल्यावर फोन पालथा ठेवावा. विचारले तर ‘स्क्रीनपासून जरा लांब राहतोय’ असे सांगावे. ग्रुप फोटोची वेळ आली की ‘आयफोन कुणाकडे आहे?’ असा पुकारा होईलच. लगेच उठू नये. दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठावे.

शेवटचा आणि अवघड भाग ‘कितीला पडला?’ या प्रश्नाचा. मित्रांना छापील किंमत सांगावी. वडिलांना ‘ऑफिसने दिला.’ आईला काही सांगायची गरज नसते, तिला हप्ता ठाऊक असतो. मामा विचारतील तर ‘जुना देऊन घेतला, फारसे पडले नाहीत’ म्हणावे, कारण मामांचा पुढचा प्रश्न लग्नाचा असतो. आणि ज्याच्याकडून डाउन पेमेंटसाठी उसने घेतलेत तो टपरीवर भेटलाच, तर फोन खिशात ठेवून दोघांच्या चहाचे पैसे रोख द्यावेत.