जिंकलात? मग तुमचं काही खरं नाही

११ नोव्हेंबर २०२३, शनिवार. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या फुटबॉल संघानं मिसिसिपी स्टेटला ५१-१० असं धुतलं. (हेल्मेटवाला फुटबॉल. मेस्सीच्या भक्तांनी हा आठवडा विश्रांती घ्यावी.) रविवारी सकाळी प्रशिक्षक जिम्बो फिशर यांच्या हाती नारळ.

४१ गुणांनी जिंकून नारळ!

आणि नारळ तरी केवढा? करार मुदतीआधी मोडला म्हणून सुमारे ७६ दशलक्ष डॉलर. तेव्हाच्या दरानं सहाशे कोटी रुपयांच्या वर. बदल्यात अट एकच, उद्यापासून येऊ नका. काम न करण्याचे पैसे आपल्याकडेही मिळतात, पण त्यासाठी रोज मस्टरवर सही करावी लागते.

आता कोणी म्हणेल, एका सामन्यावरून थोडंच काढलं, सहा हंगामांचा हिशेब होता. मान्य. पण मग निदान हरण्याची वाट तरी बघायची!

नाही बघत. कारण कॉलेज फुटबॉलच्या अमेरिकी चाहत्याचा खरा धंदा विजयानंतर सुरू होतो. हरल्यावर बोलायला असतं काय? पंच आंधळे होते, नशीब फुटकं होतं, विषय संपला. जिंकल्यावर मात्र मन निवांत, पोट भरलेलं, हातात थंड बिअर. दोष काढायला याहून चांगला मुहूर्त कुठला? लग्नात तीनदा जिलबी वाढून घेतलेला पाहुणाच बडीशेप चघळत सांगतो ना, की मठ्ठा जरा पातळ होता? उपाशी राहिलेल्याला मठ्ठ्याशी काय देणंघेणं!

शनिवारी रात्री सामना संपतो आणि रेडिओवर फोन खणखणू लागतात. प्रत्येक वाक्याची सुरुवात ठरलेली: ‘जिंकलो त्याचा आनंद आहेच, पण...’

आनंद ‘पण’पर्यंत टिकतो.

‘पण’च्या पुढे पहिला नंबर आक्रमक फळीचा. सव्वाशे-दीडशे किलोची पाच धिप्पाड पोरं; काम एकच, आपल्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, कोणी हात लावू नये म्हणून मध्ये भिंत होऊन उभं राहायचं. सामना चालू असताना यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, सगळ्यांचे डोळे चेंडूवर. सामना संपला, की डावीकडून दुसऱ्याचं पाऊल चुकत होतं, हे मात्र अख्ख्या गावाला दिसलेलं असतं.

मग क्वार्टरबॅक. त्यानं तीन टचडाउन करून दिले? दिले, पण चौथा पास उघड्यावर उभ्या असलेल्या गड्याच्या डोक्यावरून गेला, त्याचं काय? त्यापेक्षा बाकावर बसलेला तो दुसरा बरा. राखीव क्वार्टरबॅक हा गावातला सर्वांत लाडका माणूस. त्यानं आजवर एकही चूक केलेली नाही.

खेळला असता तर केली असती.

पुढचा अध्याय बुकींचा. बुकींनी सांगितलं होतं २४ गुणांनी जिंकाल. जिंकले १० गुणांनी. सरळ हिशेब आहे, १४ गुणांनी हरलोच की!

बरं, २४ गुणांनी जिंकले तर? तर मग प्रश्न येतो, कोणाशी जिंकले? हा प्रश्न अगदीच वेडगळ नाही. मोठी विद्यापीठं हंगामाच्या सुरुवातीला लहान कॉलेजांना रीतसर पैसे मोजून घरी बोलावतात, मार खायला. मिशिगननं २००७ साली ॲपलाचियन स्टेटला असंच चारेक लाख डॉलर देऊन बोलावलं. मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर, स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस. निकाल? पाहुणे ३४-३२ नं जिंकले. मानधन घेऊन गेले, ते वेगळं.

तेव्हापासून सोपा सामना जिंकला तरी चाहत्याला घाम फुटतो, आणि अवघड सामना जिंकला तर तो म्हणतो, इतका अवघड का गेला?

या जमातीचं समाधान होईल असा स्कोअर आहे तरी का? इतिहासात शोधून पाहू. ७ ऑक्टोबर १९१६. जॉर्जिया टेकनं कंबरलँड कॉलेजला २२२-० असं हरवलं. दोनशे बावीस! प्रशिक्षक होते जॉन हाइजमन. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला आज मिळते ती ट्रॉफी याच गृहस्थांच्या नावाची. मध्यंतराला १२६-० झाले होते.

आता जरा गणित करा. ३२ टचडाउन, प्रत्येकी सहा गुण, झाले १९२. प्रत्येक टचडाउननंतर एका गुणाची किक. २२२ मधून १९२ वजा केले की उरतात ३०. म्हणजे ३२ पैकी दोन किक हुकल्या.

फोन लावा रेडिओला.

प्रशिक्षक तरी शहाणे असतील? अलाबामाचे माजी प्रशिक्षक निक सेबन यांच्या खात्यावर कारकिर्दीत सात राष्ट्रीय विजेतीपदं. २०१७ मध्ये याच टेक्सास ए अँड एमला २७-१९ नं हरवल्यावर पत्रकार परिषदेत ते कशावर चिडले? संघाचं वारेमाप कौतुक करणाऱ्यांवर. हे कौतुक म्हणजे उंदराचं विष आहे, असं त्यांनी पत्रकारांनाच सुनावलं. जिथे गुरूच कौतुकाला विष म्हणतो, तिथे शिष्यांनी गोड बोलायचं कशाला?

ओहायो स्टेटची तऱ्हा आणखी न्यारी. तिथे वर्षभर कितीही जिंका, मिशिगनशी हरलात की शून्य. जॉन कूपर नावाच्या प्रशिक्षकानं तिथे १११ सामने जिंकून दिले. पण मिशिगनविरुद्ध दोन विजय, दहा पराभव, एक बरोबरी. २००० च्या हंगामानंतर घरी.

अलीकडची गोष्ट घ्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये ओहायो स्टेट आपल्याच मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरलं आणि प्रशिक्षक रायन डे यांना हाकला, असा एकच गलका झाला. ते ५१ दिवसांनी देशाचे विजेते झाले. टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास, नोट्र डेम, सगळ्यांना ओळीनं लोळवून. आता तरी? ‘विजेते झालो त्याचा आनंद आहेच, पण मिशिगन...’ पुढच्या वर्षी मिशिगनला २७-९ नं हरवलं.

तर विजेतेपद इंडियानाला गेलं.

आपल्याकडून तिकडे मास्टर्सला गेलेली पोरं या रोगाला फार लवकर बळी पडतात. पहिल्या सेमिस्टरला ‘एवढं थांबून थांबून काय खेळतात’ म्हणून हसतात, तिसऱ्या सेमिस्टरला घरी व्हिडिओ कॉलवर आईला सांगतात, की आमची ओ-लाइन, म्हणजे तीच ती आक्रमक फळी, यंदा वीक आहे. क्रिकेटवर पोसलेला पिंड आहे. नियम मागाहून कळतात, तक्रार आधी जमते.

बरं, चाहत्यांचं सोडा. भावनेच्या भरात बोलतात बिचारे. पण तेरा जाणत्या माणसांची निवड समिती? २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटनं तेराच्या तेरा सामने जिंकले. मुख्य क्वार्टरबॅक नोव्हेंबरात जखमी झाला, तरी जिंकले. विभागाचा अंतिम सामना तिसऱ्या क्रमांकाच्या, पहिल्या वर्षाच्या पोराला घेऊन १६-६ असा जिंकले. आणि तेव्हाच्या चार संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून समितीनं त्यांना वगळलं. एक सामना हरलेलं अलाबामा आत.

कारण? जिंकले खरे, पण जिंकताना दिसले बरे नाहीत.

मग ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यात जॉर्जियानं त्याच फ्लोरिडा स्टेटला ६३-३ असं झोडपलं. डझनावारी खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. त्या ६० गुणांच्या पराभवाची मात्र फारशी चिरफाड झाली नाही. हरल्यावर कोण करतं?

पण या शास्त्राची काशी बघायची तर नेब्रास्काला जावं लागेल. लिंकन शहरातलं मेमोरियल स्टेडियम १९२३ चं. १९६२ पासून घरचा प्रत्येक सामना, निदान अधिकृतपणे, हाउसफुल्ल. प्रवेशद्वारावर लिहिलंय, की इथून जाणारे चाहते कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वोत्तम. हरवून जाणाऱ्या पाहुण्या संघालाही उठून टाळ्या देणारे हे सज्जन लोक. आणि भिंतीवर कोरलंय काय, तर विजय महत्त्वाचा नाही, कृती महत्त्वाची.

याच नेब्रास्कात २८ नोव्हेंबर २००३ च्या कोलोरॅडोविरुद्धच्या ३१-२२ अशा विजयाचा हिशेब झाला. प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांचा हंगाम नऊ विजय, तीन पराभवांचा. दुसऱ्या दिवशी ते नोकरीतून मोकळे. क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी ठणकावलं, हा संघ मी सामान्य होऊ देणार नाही आणि ‘बिग ट्वेल्व्ह’ गट ओक्लाहोमा-टेक्सासला आंदण देणार नाही.

पुढच्याच वर्षी पाच विजय, सहा पराभव. २०११ मध्ये नेब्रास्का स्वतःच तो गट सोडून गेला. आता तर ओक्लाहोमा आणि टेक्सासही तो सोडून गेलेत.

शहाणे झाले म्हणता? २०१४. प्रशिक्षक बो पेलिनी. पुन्हा नऊ विजय, तीन पराभव. आयोवाला जादा वेळेत ३७-३४ नं हरवलं आणि दोन दिवसांत हकालपट्टी. पत्रकारांनी विचारलं, अहो, परवाच तर आयोवाला हरवलं! त्यावर तेव्हाचे क्रीडा संचालक शॉन आयकोर्स्ट म्हणाले, की शेवटी आयोवा कुठे आहे, हेही बघावं लागलं.

विजय पावला नाही, कारण हरलेला संघच फुसका होता म्हणे.

त्या फुसक्या आयोवानं पुढच्या वर्षी साखळीतले बाराच्या बारा सामने जिंकले. आणि नेब्रास्काला सलग सात वर्षं हरवलं.

इकडे नेब्रास्काच्या नशिबी २०१७ ते २०२३ अशी ओळीनं सात वर्षं जिंकण्यापेक्षा हरण्याची. नऊ विजय म्हणजे अपमान, असं ज्यांना वाटत होतं, ते त्या सात वर्षांत सहाव्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसत. त्यांच्या तक्रारी मात्र कमी झाल्या होत्या म्हणे. जिंकतच नव्हते, तर तक्रार करणार कशाची?

चाहत्याचा हा तोरा येतो कुठून? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारपत्रकात सर्वांत वरचं नाव गव्हर्नरचं नसतं, एखाद्या प्रशिक्षकाचं असतं. त्यामुळे प्रशिक्षक हा आपला नोकर, हे आधीच ठरलेलं. खेळाडूंच्या बाबतीत तरी काल-परवापर्यंत जीभ जरा आवरायची. लहान पोरं आहेत, विद्यार्थी आहेत, फुकट खेळतात. २०२१ पासून पोरांना जाहिरातींतून कमावायची मुभा मिळाली. २०२५ पासून तर विद्यापीठच खेळाडूंना थेट पैसे वाटू लागलं, पहिल्या वर्षी कमाल मर्यादा साडेवीस दशलक्ष डॉलर.

झालं! पास हुकला रे हुकला, की ‘पैसे मोजून घेतोस ना?’

पैसे मिळायलाच हवे होते, उशीरच झाला. लाख-लाख माणसांचं स्टेडियम भरवणाऱ्या पोरांना इतकी वर्षं शिष्यवृत्तीवर राबवून घेतलं, ही लूटच होती. पण पगार सुरू होताच एकोणीस वर्षांच्या पोराचं वय एका रात्रीत पस्तिसावर जातं, याला काय म्हणायचं? सोमवारी त्याचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो. त्याबद्दल रेडिओवर एकही फोन येत नाही.

मग जिंकल्यावर खरोखर खूश झालेला कोणी सापडतच नाही का?

सापडतो की. लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे (एलएसयू) तेव्हाचे प्रशिक्षक एड ऑर्जेरॉन. २०१९ च्या हंगामात १५-० करून यांनी देश जिंकून दिला. १६ ऑक्टोबर २०२१ ला फ्लोरिडाला ४९-४२ नं हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी जाहीर झालं, हंगाम संपला की यांना निरोप. पुढे एका कार्यक्रमात ऑर्जेरॉननी तो किस्सा हसत हसत सांगितला. विद्यापीठवाले म्हणाले, काही जमत नाहीये, तुमच्या कराराचे सतरा दशलक्ष डॉलर बाकी आहेत, ते आम्ही देतो.

यांनी फक्त विचारलं, किती वाजता निघू आणि कुठल्या दारानं?