हिऱ्याला काचेचा भाव

‘नेटहॅक’ या १९८७ सालच्या संगणकीय खेळात तळघरं पालथी घालताना खेळाडूला एक पांढरा खडा सापडतो. तो घेऊन स्वारी दुकानात जाते. शेठ खडा उलटसुलट करून बघतात आणि काचेचा भाव सांगतात. खडा ४००० झॉर्कमिडचा हिरा असला तरी! गिऱ्हाईकाने तो ओळखला नाही, यात शेठचा काय दोष? त्याच शेठच्या दुकानात मांडलेल्या निव्वळ काचेची किंमत मात्र रत्नाची असते.

इतर अनोळखी मालातही साधारण दर चौथ्या नगावर एक-तृतीयांश भाव जादा. शिवाय गिऱ्हाईकाचं तोंड बघून दर ठरतो तो वेगळाच: आकर्षणाचे गुण १८च्या वर असतील तर निम्मी किंमत, ५ किंवा खाली असतील तर दुप्पट. डोक्यावर मूर्खाची टोपी दिसली, की पुन्हा तिसरा हिस्सा चढतो. नवखा पर्यटकही याच भावात कापला जातो.

पण शेठच्या पोटातलं शेवटी आकड्यातून ओठांवर येतंच. मंत्राच्या गुंडाळीवर अगम्य अक्षरं असोत, मूळ किंमत २० निघाली की ती वस्तू ओळखण्याचीच गुंडाळी. त्या भावाची दुसरी नाही. म्हणून मुरलेले खेळाडू माल विकायला काढतात, बोली ऐकतात आणि विकत नाहीत. (आपल्याकडे अशा गिऱ्हाईकाला दुसऱ्यांदा कोणी पाणीही विचारत नाही.) ८० सांगितले तर? मूळचीच ८०ची एखादी गुंडाळी असेल, जशी चिलखताची, किंवा ६०ची, शस्त्राची, वर तिसरा हिस्सा चढवलेली. विकताना शेठने ४० देऊ केले तर ८०ची, ३० तर ६०ची. त्यातही शेठ मधूनच निम्म्याऐवजी तिसराच हिस्सा देऊ करतात.

खरी गंमत ३००ची. राक्षसांची अख्खी जात नाहीशी करणारी गुंडाळी ३००ला आणि वाचणाऱ्याच्या पायात बेडी-गोळा अडकवणारीही ३००लाच. प्रस्तुत लेखकाने सगळी पुंजी ओतून एक घेतली होती. पुढचे तीन मजले तो गोळा ओढत उतरला.

१९८१च्या ‘विझर्ड्री’ या खेळातला दुकानदार बोल्टॅक तर या सगळ्यांचा गुरू. वस्तू ओळखून द्यायला तो जितके पैसे घेतो, तितक्यालाच ती विकत घेतो. म्हणून टोळीत एक बिशप ठेवतात. तो फुकटात ओळखतो. फक्त शापित वस्तूला चुकून हात लागला, तर ती त्याच्याच अंगाला चिकटते.