भारमान

पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीची लोकसंख्या विचारायची असेल तर आधी तिथी सांगा. चैत्रातल्या जत्रेला विचाराल तर पाचशेच्या पुढं. आषाढात विचाराल तर म्हातारीकोतारी, शाळेची पोरं आणि म्हशी. म्हशी धरल्या तर आकडा जरा बरा दिसतो. बाकीचे मुंबईला, बहुतेक माथाडीत. सातबारा इथं, भाकरी कोपरखैरण्यात.

सरकार माणसं मोजतं ते मात्र फेब्रुवारीत. 2011 ची जनगणना 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, तेव्हा देव देवळात होता आणि मुंबईकर मुंबईत. जत्रेपर्यंत दम धरला असता तर वाडी पाचशेच्या पार गेली असती. हा पाचशेचा आकडा साधासुधा नाही. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बारमाही रस्ता हवा तर वस्तीत 500 डोकी लागतात. डोंगरी राज्यं, वाळवंट, आदिवासी क्षेत्र असेल तर 250 चालतात. आमचा डोंगर पडला सह्याद्रीचा, त्यामुळं कागदोपत्री आम्ही सपाटीवर राहतो. गुडघे धरून चढण चढणाऱ्या म्हाताऱ्यांना हे अजून कुणी सांगितलेलं नाही. 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यालाही 2011 चीच डोकी धरली आहेत. रस्ता नाही म्हणून माणसं गेली आणि माणसं गेली म्हणून रस्ता नाही, याला प्रशासनात निकष म्हणतात.

रस्ता शेवटी आला, दुसऱ्याच कुठल्या तरी योजनेतून. मागोमाग एसटी आली. पहिली एसटी 1 जून 1948 ला पुण्याहून नगरला सुटली होती; आमच्यापर्यंत यायला तिला अंमळ उशीर झाला, पण घाटात चालायचंच.

ती मुक्कामी गाडी. रात्री यायची, ड्रायव्हर-कंडक्टर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचे आणि कुणाच्या तरी घरून पिठलं-भाकरी जायची. पहाटे गाडीचं इंजिन घुरघुरलं की अख्खी वाडी उठायची, ज्यांना कुठं जायचं नाही तेसुद्धा. मग कुणीतरी फाटक्या आवाजात ओरडायचं, "आवं मास्तर, दम खावा जरा, म्हातारी पिशवी घ्यायला गेलीया!" मास्तर घड्याळ बघायचे, वैतागायचे आणि थांबायचे. म्हातारी पिशवी घेऊन यायची, चढायची, आणि तिकिटाचे पैसे घरी राहिल्याचं तिला तेव्हा आठवायचं.

पुढं वडापच्या जिपा आल्या. जीप एसटीच्या बरोबर दहा मिनिटं आधी निघायची. म्हणजे निघायचं तेव्हा. "अजून दोन शिटा" झाल्याशिवाय तिचं चाक हलत नाही आणि झाल्यावर आणखी चार बसतात. तरणी माणसं जिपेत गेली. एसटीत उरल्या पासवाल्या पोरी आणि पासष्टी ओलांडलेली, अर्ध्या तिकिटाची मंडळी. मग डेपोतून निरोप आला : भारमान नाही. करोनात गाडी बंद झाली, त्यानंतर संप झाला, आणि पुन्हा सुरू करायची आठवण कुणाला राहिली नाही. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आमच्या वाडीतल्या बायकांना फार आनंद झाला. अर्धं तिकीट कशात काढायचं, एवढाच प्रश्न होता.

एसटीचं भारमान चढलेल्या माणसांवरून ठरतं, हे मला मान्य आहे. पण आठवीतली पोरगी शाळा सोडून घरी बसली तर तिचा भार कुठल्या वेबिलात लिहितात? जिपेला ती परवडत नाही, कारण पासवर जीप चालत नाही. आणि दवाखान्याला निघालेल्या म्हातारीसाठी दोन शिटा भरायची वाट बघणं बरं नव्हे.

पुढची शिरगणती 2027 ची, पुन्हा फेब्रुवारीतच. तेव्हा मुंबईकरांनो, जत्रेची रजा थोडी अलीकडं घ्या. आणि डेपो मॅनेजरसाहेब, एकदा स्वतःच मुक्कामी गाडी घेऊन या. पिठलं-भाकरीचं आमच्याकडं लागलं.