आश्चर्य : पाच मिनिटे

आर्वीच्या आमच्या गल्लीतल्या काकाजींची चांद्याची सहल गेली कित्येक वर्षं चालू आहे. निघणं तेवढं राहिलंय. चांद्याचं नाव १९६४ साली चंद्रपूर झालं, पण काकाजींच्या वहीत ते अजून चांदाच आहे.

"गोंडराजायची राजधानी हाय लेका! गाइड कायले पाह्यजे? आपलं आपण पाहू," म्हणत ते वही उघडतात. वहीत सगळा हिशेब मिनिटांचा. '७.१० जटपुरा गेट. ७.२५ आश्चर्य (५ मिनिटे).' परकोटाचे चार दरवाजे, पाच खिडक्या, प्रत्येकीला वेळ वाटून दिलेला. मसन खिडकीवर तेवढी काकूंनी लाल रेघ मारली : "तिथं जाची इतकी घाई कायले?"

पूर्वी वहीचं पहिलं पान आर्वी-पुलगावच्या छोट्या गाडीनं सुरू व्हायचं. गाडी बंद पडली, वही चालू राहिली. आता एसटीनं वर्धा, पुढं रेल्वे. हिंगणघाटला पोळी-भुरका, वरोऱ्याला पाणी, भांदकला चपला घालून तयार.

अडचण एकच, मुहूर्ताची. उन्हाळ्यात चांदा म्हणजे भट्टी. चैत्रात महाकालीची यात्रा, म्हणजे गर्दी. पावसाळ्यात डवरणी. दिवाळीनंतर कापूस वेचायला बाया मिळत नाहीत. म्हणून वही पुन्हा पहिल्या पानापासून.

गंमत म्हणजे वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर : रुक्मिणीचं माहेर, पुराणातल्या विदर्भाची राजधानी. तिथं काकाजी वर्षातून चारदा जातात, मनात आलं की उठून. पण त्याला ते सहल म्हणत नाहीत. "टाइमटेबल नाही, तं सहल कायची?"

त्यांचा जीव मात्र अडकलाय अंचलेश्वराजवळच्या समाधीत. "ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी बांधला. इथं राणी हिराईनं बीरशाहासाठी बांधली. आहे कुठं असं?" हे सांगताना ते हळूच काकूंकडे बघतात. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणतात, "बीरशाह घराबाहेर तरी पडे!"

गेल्या हिवाळ्यात गल्लीतलं एक पोरगं परीक्षेला चंद्रपूरला गेलं. पेपर सुटल्यावर त्याचा फोन आला, "काकाजी, गाडीले तीन तास हायेत. काय पाहू?"

काकाजी खाटेवर ताठ उठून बसले. चष्मा नाही, वही नाही.

"कुठं हायेस? जटपुरा गेट? वर पाह्य. हत्तीवर सिंह दिसला?"

"दिसला."

"मंग आत शीर. गांधी चौकात कोणालेबी अंचलेश्वर गेट विचार. चहा पिऊ नको, चहा साडेआठले हाय."

पोरगं तिकडे चालत होतं, काकाजी इकडे खाटेवर बसल्या बसल्या पाय हलवत होते. काकूंनी तांदळाचं सूप बाजूला ठेवलं आणि त्याही फोनकडे कान देऊन बसल्या.

"काकाजी, समाधीपाशी पोचलो."

काकाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आवाज एकदम खाली आला.

"फोन चालूच ठेव. आता पाच मिनिटं बोलू नको. आश्चर्याचा टाइम हाय."