सव्वा सूत

धाराशिवात हलगी, संबळ, तुणतुणं म्हणाल ते मिळतं. इलेक्ट्रिक गिटारचा ट्रेमोलो ब्रिज, म्हणजे तारा धरणारा आणि दांडी दाबली की सूर वाकवणारा पत्रा, तेवढा मिळत नाही. तो कुरिअरनं येतो. त्याआधी कोणता मागवायचा हे ठरवावं लागतं, आणि त्या काळात घरातलं कुणी आपल्याशी धड बोलत नाही.

माझ्या गिटारचा मूळ ब्रिज गंजून गेला होता. फ्लॉइड रोझचा म्हणे सर्वांत भारी. तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद, दांडी कितीही हाणा, सूर जागचा हलत नाही. पण एक तार बदलायची तर पाना आणि अर्धी दुपार लागते. शिवाय त्याच्यासाठी गिटारचं अंग पोखरावं लागतं. हे ऐकून आमच्या सुतार मिस्त्रींचे डोळे असे चमकले, की मी तो विचारच सोडला. बिग्सबी देखणा, पण वजनदार.

राहिला 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरचा साधा ब्रिज : पुढं सहा स्क्रू, पाठीमागच्या खाचेत स्प्रिंगा. तो करणारे लिओ फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना गिटार वाजवता येत नसे. हे कळल्यावर मिस्त्रींवरचा माझा विश्वास एकदम वाढला.

मापाशी गाडी अडली. जुन्या पद्धतीच्या ब्रिजमध्ये पहिल्या स्क्रूपासून सहाव्यापर्यंत 56.4 मिलीमीटर अंतर असतं, आणि माझ्या गिटारची भोकं होती 52.4 ची.

“मिलीमीटर ऱ्हाऊ द्या सर, सुतात सांगा.”

इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. हिशेब केला, फरक बरोबर सव्वा सूत निघाला.

“हात्तिच्या! चौकटीत एवढं तर मी दडपूनच देत असतो.”

ब्रिज दडपता येत नाही, हे त्यांना पटवण्यापेक्षा 52.4 चाच मागवणं सोपं होतं.

आता स्प्रिंगा. पुढून सहा तारा ओढतात, मागून स्प्रिंगा, आणि ब्रिज मधे तरंगतो. हे एकत्र कुटुंब आहे. एक भाऊ वाटणी घेऊन गेला की उरलेल्यांचे आवाज चढतात. तसं एक तार तुटली की स्प्रिंगांचं पारडं जड होतं आणि बाकीच्या पाचही तारा सुराच्या वर जाऊन बसतात. म्हणून मी स्प्रिंगा घट्ट करून ब्रिज अंगाला टेकवूनच ठेवला. दांडी आता खालीच दाबता येते, वर ओढता येत नाही. चालेल. आमच्याकडं वर ओढायला बाकीचे विषय आहेत.

खरा वाद स्क्रूंवरून झाला. बाहेरचे दोन बेतानं टेकवायचे आणि मधले चार केसभर वर ठेवायचे, म्हणजे पत्रा मोकळा डुलतो. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“सर, हे काय करायलाव? ढिला स्क्रू माझ्या हातून आजवर सुटला नाही.”

ढिले चार मीच बसवले. स्प्रिंगांच्या पट्टीला अर्थिंगची वायर मोबाइलवाल्या पोरानं डकवली. ती नसली की गिटार मधमाशीगत गुणगुणत राहते. मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या नटच्या खाचांत शिसपेन्सिल घासली, तारा चढवल्या आणि दांडी दाबली. सूर घरंगळत खाली गेला, परत वर आला.

“हे तर चौंडकं!” मिस्त्री म्हणाले.

आणि खरंच की! तुळजापूरच्या वाटेवर आराधी मंडळी हेच तर करतात. चौंडकं काखेत दाबायचं, एका हातानं तार ताणायची, सैल सोडायची, दुसऱ्यानं छेडायची. सूर हवा तसा वाकतो. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, पेटंट तर नाहीच नाही.

मिस्त्रींनी मजुरी दोनच स्क्रूंची घेतली. वर बजावलं, “कुणी इचारलं तर माझं नाव सांगू नका.”