खून करायला माणूस लागतो

निम्रोद अंताल या दिग्दर्शकाचा 2003 सालचा 'कॉन्ट्रोल' हा हंगेरियन सिनेमा जवळजवळ सगळा जमिनीखालीच घडतो. बुडापेस्टची मेट्रो, तिच्यात तिकीट तपासणाऱ्यांची एक गबाळी टोळी आणि डोक्यावर टोपी ओढून प्रवाशांना गाडीखाली ढकलणारा एक खुनी. एवढं ऐकलं की वाटतं, रात्री एकटीनं बघायचा हा सिनेमा नव्हे. मी मात्र पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर कुणी बघितलं नाही ना, याची खात्री करून घेतली.

आमचे भाऊजी नॉयडात राहतात आणि जाहिराती बनवतात. जाहिराती बनवणाऱ्या प्रत्येक माणसाच्या पोटात एक सिनेमा असतो. भाऊजींच्या पोटात हा शिरला.

"वहिनी, दिल्ली मेट्रोत हाच सिनेमा करायचा. नुसती नावं बदलायची."

"आणि हंगेरीशी संबंध काय दाखवणार?"

"चित्रकार अमृता शेरगिल बुडापेस्टलाच जन्मली ना? दिल्लीत तिच्या नावाचा रस्ता आहे. एक सीन तिथे टाकू."

त्या रस्त्यावरच्या बंगल्यांची किंमत ऐकली, तर त्या सीनपायीच सिनेमा बंद पडेल. पण तो पुढचा प्रश्न. पहिली पंचाईत नायकाची झाली.

मूळ सिनेमात नायक बुल्चू हा तपासनीस. त्या बुडापेस्टमध्ये आत शिरताना अडवणारं फाटकच नाही. तिकीट काढणं प्रवाशाच्या सद्‌सद्विवेकबुद्धीवर सोडलेलं, आणि ती बुद्धी तपासायला दंडावर पट्टी बांधून ही मंडळी उभी. त्यांना कुणी काडीची किंमत देत नाही. कुणी शिव्या घालतो, कुणी कुत्रं घेऊन येतो, एक पोरगा तर तोंडावर फेस फवारून पळतो. टोळीतल्या मुकी नावाच्या गड्याला राग आला की जागच्या जागी झोप लागते. हा आजार दिल्लीत पसरला तर शहरात कमालीची शांतता नांदेल.

आपल्या मेट्रोचा पहिला टप्पा, शाहदरा ते तीस हजारी, 24 डिसेंबर 2002 ला वाजपेयींच्या हस्ते सुरू झाला. म्हणजे सिनेमा आणि आपली मेट्रो बरोबरीचीच. पण ती उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांनी पहिल्यापासूनच आपोआप उघडझाप करणारी फाटकं बसवली. कोकण रेल्वे बांधताना त्यांनी डोंगर बघितले होते, दिल्लीत त्यांना माणसं बघायची होती. दिल्लीचं ब्रह्मास्त्र म्हणजे "तू जानता नहीं मैं कौन हूँ". ते माणसावर चालतं. फाटकाला तुमचे मामाजी कुठल्या मंत्रालयात आहेत याच्याशी देणंघेणं नाही. कार्डात पैसे नसले तर ते लाल दिवा लावतं आणि गप्प बसतं. मी एका गृहस्थांना त्या फाटकाला "ऊपर बात कराऊँ?" असं विचारताना पाहिलं आहे. मागची रांग त्यांच्या बाजूनं नव्हती.

"मग नायकाला सीआयएसएफमध्ये घालू," भाऊजी म्हणाले.

2007 पासून मेट्रोची सुरक्षा सीआयएसएफ या केंद्रीय सुरक्षा दलाकडे आहे. त्यांच्यापुढे दिल्लीकर हात पसरून निमूट उभे राहतात. ज्याच्या हातात बंदूक, त्याच्या तोंडावर फेस कोण फवारणार? विनोद तिथेच संपला, उरलं ते सरळ पोलीसखातं.

बुल्चू रात्रंदिवस जमिनीखालीच राहतो, वर येतच नाही. फलाटावर झोपतो. हे दिल्लीत जमेल का, म्हणून भाऊजींनी नियम काढले. सर्वांत लांबच्या प्रवासाला सुमारे तीन तासांची मुभा. त्यापुढे थांबलात तर ताशी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. मी ते दोनदा वाचलं. हौज खास स्टेशन जमिनीखाली 29 मीटर, वातानुकूलित, स्वच्छ, आणि मुक्कामाची कमाल शिक्षा पन्नास रुपये. वर हौज खासमध्ये पन्नास रुपयांत कॉफीचा वासही घेऊ देत नाहीत. हा नियम दिल्लीच्या मराठी मंडळात जाहीर झाला तर भाड्यानं राहणारे अर्धे सभासद गाशा गुंडाळून खाली उतरतील. (शेवटची गाडी गेली की बाहेर काढतात म्हणे. हे तपशील ऐन वेळी समोर येतात.)

दंडांची ती यादी एकूणच चवीनं वाचण्यासारखी आहे. डब्यात फरशीवर बसलात तर दोनशे रुपये. गाडीच्या टपावर बसलात तर, 2002 च्या मूळ कायद्याप्रमाणे, पन्नासपर्यंत. हिशेबी माणूस टपच निवडेल. फक्त टपावर 25,000 व्होल्टची तार असते, त्यामुळे वसुली कुणाकडून करायची हा प्रश्न उरतो. 'कॉन्ट्रोल'मध्ये गाडीपुढे रुळांवरून पुढच्या स्टेशनापर्यंत पळायची जीवघेणी शर्यत लावतात. आपल्याकडे ती लावली तर गाडीच्या आधी ध्वनिक्षेपकावरचा आवाज पोचेल आणि शांतपणे सांगेल की दरवाजे बाईं तरफ खुलेंगे.

नायिकेची अडचण सर्वांत मोठी. सोफी ही अस्वलाचा पोशाख घालून फिरणारी गोड मुलगी, आणि तिचा बाप बेला हा मेट्रोचा मोटरमन. भाऊजींना चित्रीकरण मॅजेंटा लाइनवरच हवं होतं, कारण ही गाडी बोटॅनिकल गार्डनला त्यांच्या घराजवळ येते. पण 28 डिसेंबर 2020 पासून तिथे बिनचालकाच्या गाड्या धावतात. देशातल्या पहिल्याच.

"म्हणजे हिला बापच नाही," मी म्हटलं.

"अनाथ दाखवू. प्रेक्षक रडतील."

आणि त्याच लाइनीवर फलाटाच्या कडेला काचेचे दरवाजे आहेत. गाडी येऊन थांबल्यावरच ते उघडतात. खुनी कुणाला ढकलणार? फार तर डब्यात ढकलेल, आणि डब्यात ढकलणाऱ्याला संध्याकाळी सहा वाजता राजीव चौक स्टेशनात लोक दुवा देतात. तिथे ओळख परेड घेतली तर अख्खा फलाट उभा करावा लागेल. टोपीवरून ओळखावं म्हटलं, तर जानेवारीत सगळी दिल्ली माकडटोपीत असते.

माकडावरून भाऊजींचा चेहरा उजळला. मे 2001 मध्ये गाझियाबाद आणि पूर्व दिल्लीत एका 'मंकी मॅन'नं धुमाकूळ घातला होता. कुणी म्हणे डोक्यावर हेल्मेट, कुणी म्हणे लोखंडी नखं, कुणी म्हणे छातीवर बटणं, दाबली की गायब. पोलिसांनी रेखाचित्रं काढली, बक्षीस लावलं. तो आला अशी आरोळी उठली की गच्चीवर झोपलेले लोक उड्या टाकत, आणि त्यात माणसं खरोखर दगावली. शेवटी तज्ज्ञांनी सांगितलं, असा कुणी नव्हताच, ही सामूहिक भीती. हसावं की हळहळावं हे कळत नाही, असं कथानक दिल्लीनं मेट्रो यायच्या आधीच लिहून ठेवलं होतं. राकेश ओमप्रकाश मेहरांनी 2009 च्या 'दिल्ली 6'मध्ये ते वापरलंही. भाऊजी पुन्हा खचले.

मग मी त्यांना जून 2021 ची गोष्ट सांगितली. यमुना बँकजवळ एक खरंखुरं माकड ब्लू लाइनच्या डब्यात शिरलं, इकडून तिकडे हिंडलं आणि एका प्रवाशाशेजारी आसनावर बसून खिडकीतून बाहेर बघत राहिलं. झडती नाही, टोकन नाही, फाटक नाही. मेट्रोला बुल्चूच्या तोडीचा एवढा एकच प्रवासी मिळाला.

भाऊजींनी वही उघडली. "नायक सापडला! पण वहिनी, तो चुकून पहिल्या, महिलांच्या डब्यात शिरला असता तर?"

"अडीचशे रुपये दंड."